मीठ बघणारी नात

चिकलठाण्याच्या जुन्या कारखान्यांमागे कामगारांची एक वसाहत आहे. तिथली घरं एकमेकांना खेटून उभी, इतकी की एका घरी फोडणी पडली की दुसऱ्या घरी शिंक येते. भामाबाई आणि ताहेराबी यांच्या स्वयंपाकघरांत तर भिंतही एकच होती, आणि त्या भिंतीत वरच्या अंगाला हातभर झरोका होता. त्या झरोक्यातून कढीपत्ता जाई, आल्याचा तुकडा येई, बातम्या तर दोन्ही बाजूंनी येत-जात. वासाला तर कोणी अडवतच नाही. आज पलीकडं काय शिजतंय, हे विचारायची वेळ दोघींवर कधी आली नाही.

साहेबराव आणि नूरमोहम्मद हे दोघींचे नवरे एकाच कंपनीत, एकाच पाळीत नोकरी करून निवृत्त झालेले. पुरुषांची दोस्ती साधी होती. चहा, पान, क्रिकेट, संपलं. बायकांच्या दोस्तीत एक बारीक गाठ होती, आणि ती गाठ खिम्याची होती. भामाबाईंचा खिमा काळा, येसराचा. बाजरी, हरभराडाळ, धने, मिरच्या भाजून कुटलेलं ते येसर त्या वर्षाचं एकदाच करत आणि डब्याचं झाकण दुसऱ्या कोणाला उघडू देत नसत. ताहेराबींचा खिमा हिरवा, मेथीचा, लिंबू पिळलेला. दोघींनी कधी उघड चढाओढ लावली नाही. दर रविवारी वाटीभर खिमा इकडून तिकडं आणि तिकडून इकडं जाई. मात्र आपली वाटी परत येताना पुसून रिकामी झालेली दिसते की तळाशी थोडं उरवून धुतल्यासारखी दिसते, हे दोघीही उजेडाकडं धरून बघत असत.

मागच्या साली नूरमोहम्मद यांच्या छातीत दुखलं. स्टेंट बसवली, आणि डॉक्टरांनी मटण कायमचं बंद केलं. ज्या घरात नवरा खाणार नाही त्या घरात बायको कशाला शिजवेल? झरोक्यातून येणारा मेथी-खिम्याचा वास थांबला. भामाबाई दवाखान्यात रोज डबा घेऊन गेल्या, ताहेराबींच्या पाठीवरून हात फिरवला, ते सगळं मनापासून. पण मनाच्या अगदी तळाशी एक बारीक गारवा वाटला, तोही खराच होता. आता गल्लीत खिमा एकच राहिला होता.

भामाबाईंचं आणखी एक गुपित होतं. रक्तदाब वाढल्यापासून त्यांचं स्वतःचं मीठ कमी झालं होतं, आणि कमी मिठाची सवय लागता लागता जिभेचा काटाच बिघडला. त्यांना बेताचं वाटे ते घरच्यांना अळणी लागे. अंदाजानं चिमूटभर वाढवलं की खारट होई. एवढी नावाजलेली सुगरण आणि मीठ चुकतंय, हे सांगायचं तरी कोणाला? मग त्यांनी नातीला धरलं. अमृता तेव्हा एवढीशी होती. खिमा उतरवायच्या आधी भामाबाई भाकरीचा कोपरा मोडत, त्यावर चमचाभर खिमा ठेवत, फुंकर घालत आणि हाक देत, "अमू, मीठ बघ गं." अमृता येऊन खाई, डोळे मिटून विचार करी आणि निकाल देई. "चिमूटभर टाक." किंवा "बास." तिचा निकाल कधी चुकला नाही. घरच्यांना वाटे, आजीचा लाड चाललाय. अमृतालाही तसंच वाटे. आजीची जीभच आता आपल्या तोंडात आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

आता ती पाचवीत गेली होती. दर रविवारी सकाळी साहेबराव विहारात मुलांचा वर्ग घेत. शिकवायची त्यांना भारी हौस. त्या साली त्यांनी पंचशील घेतलं होतं, एका महिन्यात एक शील, पाठांतर आणि अर्थ. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं, त्याचा अर्थ त्यांनी फार छान सांगितला. म्हणाले, "जो जीव मारायला आलेल्यापासून पळतो, त्याला जगायचं असतं. बस, एवढं लक्षात ठेवा." मुलांनी ऐकलं, माना डोलावल्या आणि घरी जाऊन रविवारचं जेवली. एकट्या अमृतानं लक्षात ठेवलं. दुपारी भामाबाईंनी भाकरीचा कोपरा पुढं केला, तेव्हा तिनं हात मागं घेतला.

"मी नाही खाणार आजी. बोकड पळतो."

साहेबरावांच्या तोंडात घास होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. शेवटी त्यांनी गिळला आणि म्हणाले की यात बरेच बारकावे आहेत, ते मोठी झाल्यावर सांगीन. मुलगा राजेंद्र हसला. सून करुणा म्हणाली, चार दिवसांचं खूळ आहे, राहू द्या. पण खूळ चार दिवसांत गेलं नाही. रविवारी सगळे खिमा-भाकरी खात आणि अमृता कडेला बसून वरण-भात कालवी. चेहऱ्यावर दुःख नाही, राग नाही, आणि हेच भामाबाईंना लागलं. पोरीला चुकल्यासारखंसुद्धा वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारपासून त्यांनी तिला हाक मारणंच सोडून दिलं. खाणार नाही तर बघणार काय? मीठ आपल्या मनानं घातलं. राजेंद्र दोन तांबे पाणी प्याला. त्याच्या पुढच्या खेपेला साहेबराव घासागणिक लोणच्याला बोट लावत राहिले. भामाबाईंनी लोणच्याची बरणीच उचलून आत नेली.

असेच काही रविवार गेले, आणि एका दुपारी झरोक्यातून वास आला. कांदा तांबूस होतोय, आलं-लसूण, मग मेथी, आणि मग खिम्याचा तो भरीव वास. भामाबाईंचा हात थबकला. नूरभाईंना तर बंद आहे! काळजी वाटली, थोडा रागही आला, आणि त्यांच्याही आधी जे वाटलं ते असं, की हिनं परत सुरू केलं वाटतं. ताहेराबींची एक वाटी परत द्यायची राहिली होती. रिकामी वाटी देऊ नये म्हणून तिच्यात मूठभर शेंगदाणे टाकले आणि त्या पलीकडं गेल्या.

स्वयंपाकघराच्या दारात त्या थांबल्या. ओट्याशेजारच्या स्टुलावर अमृता उभी होती. तिच्या हातात चमचा होता, डोळे मिटलेले होते. ताहेराबी पदराला हात पुसत तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"दादी," अमृता म्हणाली, "चिमूटभर टाका."

ताहेराबींनी चिमूटभर टाकलं.

भामाबाईंनी वाटी ओट्यावर जरा जोरातच ठेवली आणि दोन शेंगदाणे खाली पडले. तेव्हा कुठं त्या दोघींचं लक्ष गेलं. ताहेराबी तोंडभर हसल्या. "आव भाभी, बसा. तुमची नात माझी मास्तरीण झाली बघा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गोश्त बंद झाल्यापासून नूरभाई ताटाकडं बघून लहान पोरासारखे रुसून बसत. मुलगा फरहान पुण्यात नोकरीला, त्यानं तिकडून एक पाकीट आणलं. मटार आणि सोयाबीनपासून केलेला खिमा, बर्फात गोठवलेला. दिसायला खिमा, शिजल्यावर खिमा, त्यात बोकड नावालाही नाही. आता इथंही जालना रोडच्या मोठ्या दुकानात मिळतो. अमृता परवा निरोप द्यायला आली, पाकीट वाचलं आणि म्हणाली, हा तर मला चालतो. तिनं त्याला नावही ठेवलं होतं, झाडाचा खिमा.

"झाडाला खिमा लागायला लागला व्हय आता?" भामाबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खाटेवरून नूरमोहम्मद बोलले, "तोडायला बरा पडतो भाभी. पळत नाही."

सगळे हसले. भामाबाईही हसल्या. पण घरी येईपर्यंत त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या पोरीनं आपला खिमा सोडला ती दुसऱ्याच्या दारात खिमा खाते! खाते तर खाते, वर मीठ बघते! एखाद्यानं दागिना चोरला असता तर ओरडता आलं असतं. हे ओरडून तरी काय सांगायचं?

मागोमाग वाटी आलीच. साहेबरावांनी झाडाचा खिमा खाल्ला, भाकरीनं वाटी पुसली आणि बेसावधपणे बोलून गेले. "खरा नाही, पण खोटाही वाटत नाही. ताहेराभाभीच्या हाताचं कामच वेगळं."

"मग जेवायलाच जात जा तिकडं."

साहेबराव पाणी प्यायला उठले. भामाबाईंनी त्या वाटीला बोटसुद्धा लावलं नाही. मात्र धुताना ती उजेडाकडं धरून बघितली. लख्ख पुसलेली होती.

त्यानंतर त्यांना दिवसभर एकच दिसे, स्टुलावर उभी अमृता. रविवारी झरोक्यातून तिचं हसणं ऐकू येई. दादी, दादी. पूर्वी हाच शब्द कानाला गोड लागे, आता एकेक खडा डोक्यावर पडल्यासारखा वाटे. स्वतःवर त्या चिडत. ताहेरा काय परकी आहे का? आपल्या बाळंतपणात हिनंच तर राजेंद्रला न्हाऊ घातलं. पण मत्सर असा असतो, बाबांनो, की परक्याच्या दारात तो कमी जातो. आपल्या माणसाच्या घराचा मात्र त्याला रस्ता पाठ असतो.

शेवटी एका दुपारी घरात कोणी नसताना भामाबाई निघाल्या. करुणा कामावर, राजेंद्र वाळूजला पाळीवर, साहेबराव विहाराच्या मीटिंगला. जालना रोडवर शेअर रिक्षा धरली आणि त्या मोठ्या दुकानात गेल्या. काचेच्या थंडगार पेटीसमोर उभ्या राहिल्या. दुकानातल्या मुलीनं काय पाहिजे विचारलं. नाव सांगता येईना, म्हणून त्या म्हणाल्या, "त्यो पळत नाही त्यो खिमा." मुलीला कसं कोण जाणे, कळलं. भाव ऐकून त्यांना वाटलं की एवढ्यात खरा आला असता. तरी पाकीट घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पदराखाली धरून आणलं. गल्लीत शिरताना त्या अशा चालत होत्या की बघणाऱ्याला वाटावं, या बाईनं काहीतरी उचलून आणलंय.

पाकिटावर करायची रीत छापलेली होती, इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. पण खिम्याची रीत वाचायची कोणी? उभा जन्म खिमा केलेल्या बाईनं? भामाबाईंनी पाकीट फाडलं आणि आपल्या रीतीनं कामाला लागल्या. आधी स्वच्छ धुतला. खिमा धुवावाच लागतो. पाणी गढूळ आलं म्हणून पुन्हा धुतला, पुन्हा आलं म्हणून पुन्हा. मग घट्ट पिळला. मागच्या अंगणातल्या झाडाची कच्ची पपई किसून त्याला चोळली, वर दही लावलं आणि झाकून ठेवला. निबर बोकडाचंसुद्धा लोणी करणारी त्यांची ही खास युक्ती होती, आणि ताहेराला ती माहीत नव्हती. मग कांदा, लसूण, येसर, आणि कुकरला चांगल्या चार शिट्ट्या.

वास छान सुटला. भामाबाईंनी झरोक्याची झडप मुद्दाम उघडी ठेवली.

झाकण काढलं आणि त्या बघतच राहिल्या. आत खिमा नव्हता. काळंसर, गुळगुळीत असं काहीतरी होतं, पळीनं उचललं की लोंबकळत खाली पडणारं. जे कारखान्यात आधीच दळून, मऊ करून आलेलं, त्याला पपई लावून शिट्ट्या दिल्यावर दुसरं काय होणार? पण तेव्हा त्यांना हे उमगलं नाही. एवढंच वाटलं, की या वयात हातानंही दगा दिला.

तेवढ्यात अमृता शाळेतून आली. दप्तर टाकून आत डोकावली. पातेलं लपवायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लपवायचंही नव्हतं. भामाबाईंनी भाकरीचा कोपरा मोडला.

"अमू, मीठ बघ गं. झाडाचाच हाय."

किती दिवसांनी ही हाक आली होती! अमृता धावत आली. पातेल्याकडं बघून किंचित थांबली, पण भाकरी तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. मग जरा विचार करून, अगदी मदत करावी तशी म्हणाली, "पण आजी, दादीचा मोकळा होतो. हे पिठल्यासारखं झालंय."

त्यात टोमणा नव्हता. पण भामाबाईंच्या आत जे इतके दिवस धुमसत होतं, त्याला तेवढा वारा पुरला.

"दादीचा मोकळाच व्हनार. तिची कढई कोणती हाय, ठावं हाय का तुला? त्याच कढईत आजवर कैक बोकडं शिजली. त्यांचाच रस उतरतो त्याच्यात. म्हणून लागतो तुला गोड."

अमृतानं हातातली उरलेली भाकरी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला. ती मोरीत गेली आणि कितीतरी वेळ चूळ भरत राहिली.

त्या रविवारी ती पलीकडं गेली नाही. झरोक्यातून ताहेराबींनी हाक दिली, तेव्हा अभ्यास आहे म्हणाली. भामाबाईंना वाटलं, चला, जिंकलो. ते समाधान रात्रीच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही. पानावर बसल्यावर अमृतानं वरणाच्या पातेल्याकडं बोट केलं.

"आजी, यात कधी खिमा केला होता?"

पातेलं तेच होतं.

"मग कढईत? कुकरमध्ये?"

पोर हुशार होती. आजीनं शिकवलेला धडा तिनं आजीच्याच घराला लावला. ताहेरादादीच्या कढईला बोकड चिकटलेला असतो तर आपल्या पातेल्याला का नसावा? त्या दिवसापासून तिनं घरात शिजलेलं सगळंच सोडलं. केळी, बिस्किटं, शेंगदाणे, पाकिटातलं थंड दूध. शाळेच्या डब्यात काकडी. चेहरा सुकत चालला. करुणा आधी रागावली, मग घाबरली, मग जवळ घेऊन विचारू लागली, की हे तुझ्या डोक्यात घातलं कोणी?

भामाबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कोणीच नाही," अमृता म्हणाली. "मलाच सुचलं."

तिनं आजीकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी विहारात साहेबरावांचं चौथं शील होतं. खोटं न बोलण्याचं. मुलांच्या मागं मोठी माणसंही म्हणत होती. भामाबाई इतकी वर्षं ते म्हणत आल्या होत्या, झोपेतसुद्धा म्हटलं असतं. पण आज तिथं आल्यावर आवाज आपोआप बारीक झाला. मी खोटं कुठं बोलले, त्यांनी मनाशी वाद घातला. कढई जुनीच असणार, त्यात बोकड शिजलाच असणार. पुढच्या रांगेत अमृता मोठ्यानं म्हणत होती, आणि त्याच ओळीशी तिचाही आवाज बारीक झाला. आपल्यापायी पोर खोटं बोलली, हे तेव्हा त्यांच्या काळजात उतरलं.

घरी येऊन त्या चूल पेटवायच्या आधीच झरोक्याखाली उभ्या राहिल्या. पलीकडून ताहेराबी बोलल्या, जणू तिथंच वाट बघत होत्या.

"भाभी, अमू कामून येत नाही? मी काही बोलले का तिला? रात्रभर आठवत बसते, सापडत नाही."

"तुझी कढई," भामाबाईंनी विचारलं, "ती कोणती? जुनीच ना, जाड बुडाची?"

"नाही हो. ती माळ्यावर गेली. पोरगी पहिल्यांदा खाते म्हणाली, त्याच दिवशी गुलमंडीतून नवी आणवली. त्यात दुसरं काही पडू देत नाही, यांचं अंडंसुद्धा नाही. पोरीला मात्र बोलले नाही. उगीच भांड्याचं खूळ तिच्या डोक्यात कशाला घालायचं, नाही का?"

भामाबाई भिंतीला टेकल्या. भिंत गार होती.

"ते खूळ मी घातलं, ताहेरा," त्या म्हणाल्या, आणि काय बोलल्या होत्या ते शब्दन् शब्द सांगितलं.

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आता झडप लागणार, असं भामाबाईंना वाटलं.

"इतक्या वर्षांत," ताहेराबी म्हणाल्या, "तुम्ही माझ्या वाटीतलं कधी हुंगूनसुद्धा बघितलं नाही, सरळ खाल्लं. आणि आता असं बोललात."

"ती तुझ्याकडं मीठ बघत होती."

"तर काय मी चोरलं तिला? दारात आली, मी चमचा दिला." मग त्याच म्हणाल्या, "जावा भाभी, आधी पोरीला जेवू घाला. माझं भांडण बाकी राहू द्या, ते मी सोडणार नाही."

अमृता मागच्या अंगणात पपईखाली बसून केळ सोलत होती. वरून एक विमान उतरत गेलं, त्याचा आवाज विरेपर्यंत भामाबाई थांबल्या. मग गुडघ्यांवर हात ठेवत तिच्याशेजारी बसल्या.

"ताहेराची कढई नवी कोरी हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठीच आणलेली. मी म्हणाले ते खोटं होतं."

अमृतानं केळ हातातच धरून ठेवलं. "मग का म्हणालीस?"

लहान मुलाला काय सांगायचं, असा विचार त्यांनी आयुष्यात पुष्कळदा केला होता आणि पुष्कळदा काहीतरी सोपं सांगून वेळ मारून नेली होती. आज तसं करवेना.

"तू तिच्याकडं मीठ बघायला लागलीस ना, ते मला बघवलं नाही. माझ्या जिभेला मीठ कळत नाही आता, अमू. तुझ्यावरच चालत होतं माझं सगळं. तू खिमा सोडला आणि मीठ बघणारं कोणी उरलंच नाही मला."

अमृता त्यांच्याकडं बघत राहिली. तिला राग आला होता आणि आश्चर्यही वाटत होतं, आणि दोन्हींतून ती काहीतरी शोधत होती.

"मी खिमा सोडला, आजी," ती म्हणाली. "मीठ कुठं सोडलं? मीठ तर वरणातपण असतं. तू हाकच मारली नाहीस."

भामाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण लगेच जवळही सरकली नाही. केळ संपवलं, साल पपईच्या बुंध्याशी टाकली आणि मग विचारलं, "आपली पण नवी कढई आणायची का?"

त्याच संध्याकाळी दोघी गुलमंडीत गेल्या. भांड्यांच्या दुकानात अमृतानं प्रत्येक कढई उचलून बघितली, वाजवून बघितली आणि मधल्या आकाराची एक निवडली. दुसऱ्या दिवशी भामाबाई ताहेराबींना बोलवायला स्वतः त्यांच्या दारात गेल्या. झरोक्यातून बोलावणं बरं दिसलं नसतं. ताहेराबी आल्या. चेहरा जरा ओढलेलाच होता, पण आल्या, आणि ओट्याला टेकून उभ्या राहून सांगू लागल्या. धुवायचा नाही. पिळायचा नाही. तेल चांगलं तापू द्यायचं, मसाला आधी पूर्ण भाजायचा, खिमा शेवटी टाकायचा आणि मोकळा करून लगेच उतरवायचा.

"आणि पपई?" भामाबाईंनी हळूच विचारलं.

"पपई लावली तुम्ही त्याला?" ताहेराबींनी कपाळाला हात लावला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आवरेना. "अहो, ते आधीच दळून पेंड झालेलं. त्याला अजून काय मऊ करता भाभी? आणि शिट्ट्याही दिल्या असतील."

"चार."

ताहेराबींना हसून हसून खाली बसावं लागलं. भामाबाईंना ते हसणं बोचलं, पण त्यांनी ते सोसलं. तेवढं देणं लागतच होतं.

आता दर रविवारी दोन्ही घरी झाडाचा खिमा होतो, इकडं येसराचा, तिकडं मेथीचा. करुणा आणि राजेंद्रसाठी खरा वेगळ्या पातेल्यात होतो. साहेबराव दोन्ही खातात, पण पहिल्या शीलाचे बारकावे सांगायचं ते अजून पुढंच ढकलत आहेत. अमृता आधी पलीकडं जाते, मीठ बघते आणि मग धावत इकडं येते. भामाबाई भाकरीचा कोपरा मोडून तयार ठेवतात. खिमा, वरण, भाजी, जे असेल त्याचं मीठ आता तीच बघते.

भामाबाईंचं मन पार स्वच्छ झालं, असं काही नाही. वाटी परत आली की त्या अजून उजेडाकडं धरतात. आणि अमृतानं घास गिळला की हळूच विचारतात, "तिकडं मीठ कसं होतं गं?"

अमृता डोळे मिटून विचार करते. "इथल्याइतकं बरोबर नव्हतं," ती म्हणते.

मग भामाबाई तिच्या ताटात आणखी एक पळी वाढतात. ताहेराबीही तिला हेच विचारत असतील का, आणि तिथंही ती हेच सांगत असेल का, हे कळायला फार कष्ट नाहीत. झरोका उघडाच असतो. पण अमृता पलीकडं मीठ बघायला गेली की भामाबाई नेमकी तेवढ्या वेळात पाण्याची घरघरणारी मोटर चालू करतात.